हसताना मिटणारा डोळा

मुलांनो, तुमची आई, म्हणजे माझी लेक, हसली की तिचा उजवा डोळा मिटतो. ती डोळा मारते असं तुम्ही समजता, आणि तीही तसंच सांगते. आता थोरलीला तुमच्याकडच्या डॉक्टरांनी जबड्याचं ऑपरेशन सुचवलं आहे, तेव्हा खरं काय ते तिला कळायला हवं. तुमच्या आईला विचारूनच लिहिते आहे.

तिचा खालचा जबडा पुढे होता. पुढचे दात एकमेकांना टेकत नसत. पोळीसुद्धा दाढेने तोडावी लागे. कॉलेज संपलं त्या उन्हाळ्यात जबडा मागे घेण्याचं ऑपरेशन झालं. जबडा नीट बसला. पण दुसऱ्या दिवशी चेहऱ्याची उजवी बाजू हलेना, डोळा मिटेना. सर्जन म्हणाले, चेहरा हलवणारी नस कानाखालून येते, तिच्यावर दाब आला आहे. असं क्वचित होतं. बहुतेकदा नस सावरते, पण किती आणि केव्हा, ते सांगता येत नाही.

घरी मी डोळ्यात थेंब घालायची, झोपताना पापणी पट्टीने चिकटवायची. कूलरच्या हवेने डोळा कोरडा पडे, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं आणि भर मे महिन्यात आम्ही घामाने निथळत बसलो. आरशासमोर करायचे व्यायाम मात्र ती टाळायची. तिला तो चेहरा बघायचा नव्हता.

शेजारच्या काकू रोज ताक आणायच्या. वळवलेला कूलर पाहून त्यांना कारण सापडलं.

“काहून झोपू दिलं वं पोरीले कूलरसमोर? हवा लागली तिले!”

मी नस समजावू लागले.

“राहू दे वं तुझं इंग्रजी.”

दात रबरांनी बांधलेले, तरी तुमची आई पुटपुटली, “काकू, मग आईले काहून नाही लागली? बाजूलेच तर झोपते.”

“तुझ्या मायचं तोंड बंद राहते कधी? हवा आली तशी निघून गेली.”

तुमची आई हसली. अर्ध्याच तोंडाने, पण ऑपरेशननंतर पहिल्यांदा. संध्याकाळी तिने स्वतःच आरसा मागितला.

पावसाळ्यात पापणी मिटू लागली, दिवाळीच्या सुमारास ओठाचा कोपरा उचलला. सावरताना नसेचे काही धागे भलतीकडे जुळले, म्हणून ओठ हसला की डोळाही मिटतो.

थोरले, ऑपरेशन कर की नको, हे मी सांगणार नाही. तुझी आई आज पेरू पुढच्या दातांनी तोडते. उजवी भुवई अजून वर जात नाही, आणि हसताना डोळा मिटतो. तेवढं राहिलं आहे.