हळदीच्या पानातलं वांगं

पूर्णेवरचा तो नावाडी शेवटची खेप संपली की माशाला मीठ-मिरची लावून हळदीच्या पानात गुंडाळायचा आणि निखाऱ्यात सारायचा. "भांडं न्हाई, तकलीफ न्हाई," एवढंच बोलायचा. मी निजामाच्या कचेरीतला कारकून, ब्राह्मणाघरचा, एकटा. त्याच्यापाशी बसून राहायचो.

एकदा त्यानं हात धुतले, दहा पावलांवर वेगळा जाळ केला आणि माझ्यासाठी पानात वांगं भाजलं.

"मासळीचा हात लागू दिला न्हाई, मालक. खुशाल खा."

पुढं रोजच दोन जाळ पेटायचे. मासा मागितला असता तर त्यानं दिलाही असता. पण माझं सोवळं तो माझ्यापेक्षा निगुतीनं सांभाळत होता, ते मोडायची मला लाज वाटायची.

अजून हळदीचं पान चुरगळलं की तोंडाला पाणी सुटतं. ते वांग्यासाठी नाही.