तापणारं प्लास्टर, पळणारे पेशंट

प्लास्टर रूममध्ये नोकरी करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. तेच लंगडत दारात येतात! लोणावळ्यातल्या आमच्या छोट्या हाडांच्या हॉस्पिटलात डॉक्टर हाड बसवतात, मी प्लास्टर गुंडाळतो. माझ्या बहुतेक किश्श्यांचं मूळ एकच, ओलं प्लास्टर घट्ट होताना गरम होतं.

*

पहिल्याच थंडीत मला दया आली. गार पाण्याने पेशंटला हुडहुडी भरेल म्हणून मी पट्ट्या गीझरच्या कडकडीत पाण्यात बुडवल्या. प्लास्टर निम्म्यातच घट्ट झालं आणि चटके द्यायला लागलं. पेशंट मळवलीचे भातशेतीवाले भाऊ. ते अर्धं प्लास्टर घेऊन उठले आणि थेट सुदुंबऱ्याच्या हाडवैद्य आबांकडे गेले!

डॉक्टर ओरडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "अजून एक पेशंट पळाला, की तू केसपेपरच्या काउंटरला."

प्लास्टर रूम म्हणजे माझा जीव की प्राण. त्या दिवशी डबा तसाच घरी नेला.

*

तेव्हापासून मी आधीच सांगायला लागलो, की थोडं गरम लागेल, घाबरू नका. खंडाळ्याला बंगला सांभाळणाऱ्या एका मावशींचं तेवढ्याने भागेना. चूल न्हाई, लाईट न्हाई, मग तापतंय कशानं?

डॉक्टरांनी हौसेने खुर्ची ओढली. हा मुळात जिप्समचा दगड. भट्टीत भाजून त्यातलं पाणी घालवतात, मग त्याची पावडर होते. पाणी परत मिळालं की पावडरीचा पुन्हा दगड होतो आणि भट्टीत घेतलेली उष्णता बाहेर टाकतो.

मावशींनी मान डोलावली. "म्हंजे भाजल्याचा राग माज्या हातावर काढतंय व्हय."

आता समजावण्याचं खातं डॉक्टरांनी माझ्याकडे दिलंय.

*

मग एक पुण्याचे साहेब. रील काढायला धबधब्यात चढले आणि घसरले. पायाचं प्लास्टर तापायला लागल्यावर त्यांनी एसी वाढवायला सांगितला. आमच्याकडे एसी नाही. शेवटी बायकोने त्यांच्याच एक्स-रेने वारा घातला आणि घालता घालता, वर चढू नका असं आपण किती वेळा सांगितलं होतं, तेही ऐकवलं. दहा मिनिटांत प्लास्टर गार झालं. बाई नाही झाल्या!

*

आणि एका दुपारी दारात कोण? सुदुंबऱ्याचे हाडवैद्य आबा! मनगट मोडलेलं, ओळखू येऊ नये म्हणून उपरणं तोंडाभोवती गुंडाळलेलं. एका हातानं सोताचंच हाड बसत न्हाई, एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी हाड बसवलं. पट्ट्या बुडवण्याआधी पाणी गारच आहे ना, हे मी दोनदा बघितलं. आबा पळाले तर अख्खं मावळ पळणार, आणि मी काउंटरला.

प्लास्टर तापू लागलं. आबांनी डोळे मिटले. प्लास्टर पुरतं गार झाल्यावरच उघडले. मग उठले, उपरणं पुन्हा गुंडाळलं आणि तडक निघून गेले. मी डॉक्टरांकडे बघायचंच टाळलं.

सोमवारी सकाळी बाकावर सुदुंबऱ्याकडचे तीन पेशंट. पहिल्याला टेबलावर घेतलं आणि सवयीने म्हणालो, की थोडं गरम लागेल, उठून पळू नका.

तो आरामात आडवा झाला.

"पळतोय कशाला? आबांनी सांगितलंय, लेप तापला न्हाई तरच उठून ये."