तिसरी चादर

गिऱ्हाईकासमोर तीनपेक्षा जास्त चादरींची घडी मोडायची नाही, हा आमच्या दुकानाचा नियम. तो माझ्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी घालून दिला. पहिली चादर अशी दाखवायची की माणूस दचकला पाहिजे. दुसरी अशी की त्याला जांभई यावी. तिसरी, म्हणजे आपल्याला खपवायची असते ती, नुसती हातात घ्यायची आणि परत ठेवत म्हणायचं, "जाऊ द्या, ही तुम्हाला नाही आवडायची." गिऱ्हाईक ती हिसकावूनच घेतं! सोलापुरात आमचं घर या एका वाक्यावर उभं आहे.

तर माझी एकुलती एक लेक गौरी पुण्याच्या एका कॉलेजात निघाली. शिक्षणाचं नाव लिबरल आर्ट्स. (त्यात चित्रं काढायची नसतात, हे मला फी भरल्यावर कळलं.) तिथे पहिल्या वर्षी प्रत्येकाने एक सेमिनार घ्यायचा. म्हणजे दहा-पंधरा पोरांनी मास्तरांभोवती गोल बसून सहा महिने एकाच गोष्टीवर बोलायचं. हे आमच्याकडे पारावर फुकट चालतं, पण ते असो.

विषय संध्याकाळपर्यंत निवडायचा होता. दुपारी गौरी लॅपटॉप घेऊन दुकानातच आली. तिचा मामा दत्ता मंगळवेढ्याहून ज्वारीचं पोतं घेऊन आला होता, तोही गादीवर सरकून बसला.

मी यादीवर नजर टाकली आणि मला 'व्यापार आणि नीती' दिसला. पोरगी हा शिकेल, शिकून परत येईल आणि या गादीवर बसेल! सरळ तसं सांगायची छाती नव्हती. ती नाही म्हणाली तर काय, ही भीती. म्हणून मी धंद्याची रीत काढली.

"गौरे, हा बघ, 'अनंताचं गणित'."

"बाप रे!"

"मग हा, 'कंटाळ्याचं तत्त्वज्ञान'."

तिने जांभई दिली. मी मनातल्या मनात अप्पांना नमस्कार केला.

"आणि हा 'व्यापार आणि नीती'... जाऊ दे, तुला नाही आवडायचा."

"हो ना पप्पा," ती शांतपणे म्हणाली. "नाहीच आवडायचा."

इतक्या वर्षांत असं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं!

"आगं, बाकीचं बी वाच की," दत्ता म्हणाला.

"'भुतं आणि समाज'," गौरीने वाचलं.

"भुताचा बी अभ्यास असतोय व्हय?" दत्ता ताठ बसला. "ह्योच घे! आमच्या चिंचेवर हाय की एक. लई जुनं हाय. मास्तरला म्हणावं, या हिकडं, दावतो!"

"हॉस्टेलात एकटी राहणार ती, आणि भुतं शिकणार?" मी ओरडलो. "अजिबात नाही!"

"मग 'झोप आणि स्वप्नं'?"

"झोपायला पुण्याला कशाला जायचं? घरी गादी नाही?"

एवढ्यात आहेराचे टॉवेल घ्यायला आलेल्या सांगोल्याच्या एक आजी पुढे सरकल्या. "काय म्हून वरडाय लागलाय पोरीवर? आन् माझं टॉवेल कुटं हायत?"

मी टॉवेल काढायला वळलो. मागून गौरीचा पडलेला आवाज आला, "एक 'नदी कुणाची?' म्हणून आहे... जाऊ द्या पप्पा, तुम्हाला नाही आवडायचा."

"का नाही आवडायचा?" मी गर्रकन वळलो. "मला काय कळत नाही काय?"

"घे पोरी त्यो," आजी म्हणाल्या. "आमच्या नदीत पाणी न्हाय. निदान ती कुणाची हाय, तेवढं तरी कळू दे."

आमच्याही घरी नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा पहाटे उठून पिंपं भरते ती गौरीच. शाळेत असल्यापासून भरते. नळ येईपर्यंत तिथे बसून ती काय विचार करत असेल, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. मला एकदम गलबलून आलं.

"घेऊन टाक!" मी हुकूम सोडला. "नदीच! बाप सांगतोय!"

तिने बटण दाबलं. योग्य वेळी योग्य सल्ला दिल्याच्या आनंदात मी आजींना एक टॉवेल फुकट दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका गिऱ्हाईकासमोर मी तिसरी चादर हातात घेतली. "जाऊ द्या, ही तुम्हाला..." आणि माझं तोंड उघडंच राहिलं. समोर पायरीवर डबा घेऊन गौरी उभी होती. हसत होती.

गिऱ्हाईक गेल्यावर मी विचारलं, "आधीच ठरवलं होतंस?"

"हो."

"मग सरळ सांगायचं की!"

"तुम्ही सांगितलंत सरळ?"

मी डबा उघडायला घेतला. बारावीनंतर अप्पांनी मलाही तीनच दाखवल्या होत्या: कॉमर्स, कॉमर्स आणि दुकान. मी तिसरी हिसकावून घेतली होती. चौथी असते, हे मला कुणी सांगितलंच नाही. माझ्या पोरीने मात्र अख्खं कपाट उघडून पाहिलं. तिचा हेवा वाटला. ती आता जाणार, म्हणून वाईटही वाटलं.

पण गादीवर बसायला लागते ती सगळी अक्कल तिच्यात आहे, याबद्दल आता माझी खात्री पटली आहे. तिने पहिलं गिऱ्हाईक गटवलं ते मीच, आणि मी साधी घासाघीससुद्धा केली नाही. उलट वर एक टॉवेल देऊन बसलो!