बाटलीतला गुलाबी

भिंगताईकडे पाहुण्यांची कमतरता कधीच नव्हती; फक्त ते साध्या डोळ्यांना दिसत नसत.

समुद्राचं पाणी तपासणाऱ्या केंद्रात ती नोकरीला. दर महिन्याला बोटीतून जायचं, ठरलेल्या जागांवरून पाणी भरून आणायचं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्यातले नीलहरित जीवाणू ओळखायचे, मोजायचे. गल्लीतले लोक सरसकट ‘शेवाळ’ म्हणत आणि ती तोंड वाकडं करी. “शेवाळ नाही हो! जीवाणू आहेत. आपण श्वास घेतो ना, त्या हवेत त्यांचाही हात आहे.” “अस्सं? हातसुद्धा असतात त्यांना?” असं कोपऱ्यावरच्या शिंप्याने एकदा विचारलं. तेव्हापासून तिचे कपडे दुसरीकडे शिवायला जातात.

पण बाई बोलायला लागली की ऐकत बसावंसं वाटे. पावसाळ्यात खाडीचं गोडं पाणी समुद्रात घुसलं की इवलेइवले गोल ठिपके येत, फुकटच्या जेवणाला लोक लोटावेत तसे. थंडीत तेच तुरळक होत. खडकांवर काळा, बुळबुळीत थर धरून बारा महिने बसणारे होते, त्यांना ती घरजावई म्हणे. आणि उन्हाळ्यात वारा पडून पाणी तापलं की लांब दोऱ्यांच्या जुड्या यायच्या. पाण्यावर कुणी सुताराने भुसा सांडलाय असंच वाटावं.

हे उन्हाळी पाहुणे एरवी बाहेरच्या बाहेर निघून जात. त्या वर्षी मात्र ते थेट लोक पोहतात त्या किनाऱ्याला येऊन टेकले. पिवळट तपकिरी पट्टा, वर कुबट वास. आणि टेकले ते नेमके कुठे? तर भिंगताईच्या धाकट्या भावाच्या रंगशाळेसमोर.

हा धाकटा सूत आणि कापड रंगवायचा. उरलेलं रंगाचं पाणी टाकीत साठवायचं आणि गाडी बोलावून द्यायचं, असा नियम. तो पाळतो, असं तो म्हणायचा. पण पोहणाऱ्यांनी पट्टा पाहिला, मागची रंगशाळा पाहिली आणि निकाल लावून टाकला. आरोग्य निरीक्षक आले. बारीक चणीचे, कधी न हसणारे गृहस्थ. “तपासणीत रंग निघाला तर रंगशाळेला कुलूप,” एवढंच बोलले आणि तपासणीचा कागद केंद्राकडे पाठवून मोकळे झाले. केंद्रात हे काम करणारं माणूस एकच. आली का पंचाईत!

भिंगताई बोटीतून जाऊन पट्ट्यातलं पाणी घेऊन आली. एरवी पाणी भरल्या भरल्या ती त्यात आयोडीनचे थेंब टाकते. त्याने जीव आहे तसे टिकतात आणि पाणी चहासारखं होतं. वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या दिवशी बोट हेलकावली आणि आयोडीनची बाटली सांडून रिकामी झाली. “जाऊ दे, ताजंच बघते,” म्हणून तिने तसंच पाणी भिंगाखाली धरलं. दोऱ्यांच्या जुड्याच जुड्या! तिचा जीव भांड्यात पडला. उरलेली बाटली खिडकीत ठेवून ती घरी गेली आणि कधी नव्हे ती गुणगुणत कपडे वाळत घालताना दिसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतल्या बाटलीत गुलाबी पाणी होतं.

साधंसुधं नव्हे, चांगलं मिरवणारं गुलाबी. आणि धाकट्याकडे त्या महिन्यात काय चाललं होतं? एका हॉटेलचे पडदे. रंग: गुलाबी.

भिंगताईने बाटली उजेडात धरून हलवली. दोरे होते हे खरं. पण दोऱ्यांबरोबर रंगही नव्हता कशावरून? भाऊ तिला पुरता ठाऊक होता. लहानपणी साखर चोरून खायची आणि ओठाला साखर तशीच ठेवून ‘मी नाही’ म्हणायचं, हा त्याचा खाक्या.

ती बाटली पिशवीत घालून तडक रंगशाळेत गेली. आत वाफ, ओले पडदे, कोपरापर्यंत गुलाबी झालेला धाकटा. तिने बाटली टेबलावर आदळली.

“हे काय आहे?”

“छान आहे. कुणी रंगवलं?”

“तोंड वर करून मलाच विचारतोस? समुद्रातलं आहे!”

धाकट्याचं हसू मावळलं. “ताई, शपथ घेतो. एक थेंब सोडला नाही मी. चल, टाकी बघ. काठोकाठ भरलीय, गाडीवाला येतो येतो म्हणतोय.”

“टाकी भरली म्हणूनच सोडलं असशील!”

इतका वेळ पडदे पिळणारी त्याची बायको आता पुढे झाली. या बाई एरवी नणंदेसमोर हळू बोलत. “वन्सं, तुमच्या त्या भिंगातून सगळं दिसतं, सख्खा भाऊ तेवढा दिसत नाही होय? एवढा संशय असेल तर लांबचं पाणी आणा की! खडकांच्या पलीकडचं. तिथपर्यंत काही आमचा नळ नेलेला नाही.”

भिंगताईने टेबलावरची बाटली परत उचलली. भावजयीचा टोमणा बरोबर वर्मी लागला होता, पण भलत्याच. भुशाचे पट्टे खडकांच्या पलीकडेही होते. तिथे रंगशाळेचं पाणी पोहोचणं शक्यच नव्हतं. ते पाणी तसंच, आयोडीन न घालता खिडकीत ठेवलं तर?

“ठेवते,” ती म्हणाली. “पण मी एकटी नाही. उद्या बहिणीने भावाला वाचवलं म्हणायला नकोत. निरीक्षकांना बोटीत घेते.”

“आणि पाणी गुलाबी नाही झालं तर?” धाकट्याने विचारलं.

“तर मग गुलाबी तुझं.”

पडद्यांतून पाणी ठिबकत राहिलं.

निरीक्षकांना बोट लागते हे बोटीत चढल्यावर कळलं. बिचारे एका हाताने काठ आणि दुसऱ्या हाताने बादली धरून होते, पण पाणी त्यांनीच काढलं. केंद्रात आल्यावर एका बाटलीत ते जसंच्या तसं भरलं, दुसरीत गाळणकागदातून गाळून, दोरे काढलेलं. झाकणांवर कागद चिकटवून निरीक्षकांनी सह्या ठोकल्या. बाटल्या खिडकीत गेल्या. आता भिंगताईला हात लावायचीही सोय उरली नाही.

त्या दिवशी तिने स्वयंपाकात मीठ घातलं नाही. नवऱ्याने पहिला घास घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि शहाण्यासारखा निमूट जेवला.

सकाळी ती केंद्रात पोहोचली तर धाकटा आणि त्याची बायको दाराशी उभी. पाठोपाठ निरीक्षक, अजून जरा पिवळेच. खिडकीकडे आधी बघायची कुणाची छाती होईना. शेवटी भावजयच पुढे गेली.

“अगं बाई! वन्सं, बघा तर!”

गाळलेली बाटली नितळ होती. न गाळलेल्या बाटलीत तळाशी मरगळलेला भुसा आणि वर गुलाबी पाणी. रंगशाळेसमोरचं होतं, अगदी तस्संच.

भिंगताईने भिंतीला पाठ टेकली आणि इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले असं भावजय आजही सांगते. मग ती निरीक्षकांकडे वळली. “दोऱ्यांच्या आतच हा रंग असतो. ते जिवंत असताना कोंडलेला. ताजे बघितले तर पत्ता लागत नाही. मेले, फुटले, की पाण्यात उतरतो. आणि मी आजवर प्रत्येक बाटलीत आयोडीन घालून सगळ्याचा चहा करून ठेवलाय! दिसणार कुठून मला?”

निरीक्षकांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून उलटसुलट पाहिल्या. सह्या तपासल्या. “म्हणजे कुलूप नको,” ते म्हणाले, आणि पाहणाऱ्यांच्या सांगण्यानुसार किंचित हसले. लगेच सावरून धाकट्याला म्हणाले, “टाकीची गाडी मात्र आजच बोलवा. काठोकाठ भरलेली दिसली मला.”

ते गेल्यावर भावाबहिणीला एकमेकांकडे बघवेना. धाकट्याने बाटली उचलली, तिरपी केली, रंगाऱ्याच्या डोळ्याने न्याहाळली.

“ताई, हा गुलाबी मला महिनाभर जमत नव्हता गं. हॉटेलवाला रोज नाकं मुरडतोय. पक्का असतो का?”

“उन्हात दोन दिवसांत उडून जाईल.”

“म्हणजे बिनकामाचा,” तो म्हणाला आणि हसला. तिलाही हसू फुटलं, आणि हसताहसताच तिने त्याच्या गुलाबी कोपराला चिमटा काढला. “साखर खाल्ली नव्हतीस हां या वेळी.”

“वन्सं,” भावजय पदर खोचत म्हणाली, “ती लांबच्या पाण्याची युक्ती कुणाची, ते अहवालात लिहा बरं का.”

भिंगताईने खरंच लिहिलं. शास्त्रीय अहवालात ‘भावजयीच्या सूचनेवरून’ असे शब्द आहेत. वरच्या कचेरीतून विचारणा आली, ही भावजय कोणत्या संस्थेत असते म्हणून. भिंगताईने कळवलं: पडद्यांच्या.