मागंच घेतोय की!

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मग सांगतो. मध्येच कुणी हसलं की माझं डोकं फिरतं, आणि माझं डोकं फिरलं की काय होतं तेच तर सांगायचंय.

तुम्हाला वाटत असेल, शर्यत म्हणजे पुढे पळणं. आमच्या धारूरच्या डोंगराकडे ट्रॅक्टरची शर्यत उलटी असते. मागे टँकर जोडायचा, रिव्हर्स टाकायचा आणि फक्कीच्या दोन रेघांमधून टँकर सरळ मागे न्यायचा. रेघ मोडली की बाद.

त्या साली पावसानं पार दडी मारली होती. ऊसच नाही, म्हणून कारखान्याची वाहतूक नाही, म्हणून माझा ट्रॅक्टर दारात उभा. आणि आमची ही, म्हणजे सुमन, रोज दोन कोसांवरून डोक्यावर पाणी आणायची. शेवटी गावच्या दूध सोसायटीनं एक टँकर आणला. तलावावर भरायचा आणि गावच्या कोरड्या विहिरीत सोडायचा. पण विहिरीकडची गल्ली एवढी अरुंद, की टँकर उलटाच घालावा लागतो. म्हणून चेअरमननी ठरवलं, दसऱ्याला शर्यत लावू. जो जिंकेल त्याचा ट्रॅक्टर पुढच्या पावसापर्यंत टँकरला.

म्हणजे काम मलाच मिळणार होतं. कारण दुसरा कोण होता? भानुदास! ज्यानं मागच्या पोळ्याला ट्रॉली थेट मारुतीच्या पारावर चढवली होती तो. अडचण एकच, माझा रिव्हर्स गिअर निसटत होता.

केजला बाबूमिस्त्रीकडे गेलो. तो म्हणाला, ठेवून जावा, आठ दिवसांनी बघू. दसरा पाच दिवसांवर आणि हा आठ दिवस मागतोय! मी म्हटलं, राहू दे, घरीच उघडतो. तर गडी मान वर न करता म्हणतो, "उद्धवराव, शिलाई मशीन न्हाई ती."

हिची शिलाई मशीन मी दुरुस्त केली होती, हे त्याला कुणी सांगितलं ते मला अजून कळलेलं नाही. आणि ती मशीन चालते बरं का. जराशी उलटी टीप घालते, पण चालते.

तर मी घरी येऊन गिअरबॉक्स उघडला. रिव्हर्सचं एक चाक झिजलं होतं, तेवढं बदलायचं होतं. पण उघडलंच आहे तर मागचा मोठा दातेरी चक्काही बघून घेऊ म्हटलं. त्याला क्राऊन म्हणतात. चौघांना बोलावून तोही बाहेर काढला. आता मी काही अडाणी नाही. सगळे भाग ओसरीवर पोत्यावर ओळीनं मांडले, आणि बसवताना गोंधळ नको म्हणून प्रत्येकाच्या उजव्या अंगाला कुंकवाचं बोट लावलं. आहे की नाही डोकं?

नवं चाक आणायला केजला गेलतो. परत येतो तर काय! खंडेनवमी. घरात जेवढं लोखंड तेवढ्याची पूजा. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या शेजारी माझा अख्खा गिअरबॉक्स, हळद-कुंकू लावून, वर झेंडूचं एकेक फूल. क्राऊन उलटून बघितला. याही अंगाला कुंकू, त्याही अंगाला कुंकू.

तळपायाची आग मस्तकात गेली. सुमन काहीतरी बोलायला आली, तिला म्हटलं, एक शब्द काढू नकोस. रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि सगळं चकचकीत पुसून काढलं. मग जशी आठवण आली तसं बसवलं. जॅकवर उचलून गिअर टाकून बघितला. गिअर निसटेना, चाकं झकास फिरली. कुठल्या बाजूला फिरली हे बघायला खाली कोण वाकतंय?

दसऱ्याला मैदानावर गेलो तेही डिझेल वाचवायला उतारावरून, न्यूट्रलमध्ये. ट्रॅक्टरला तोरण, मला फेटा. समोर दहा-बारा हातांवर मांडव, मांडवात चेअरमन आणि त्यांच्यापुढे पाहुण्यांसाठी पाण्याचा भरलेला ड्रम. माझ्यामागे टँकर जोडला. शिट्टी झाली. मी मान मागे वळवली, रिव्हर्स टाकला, क्लच सोडला.

ट्रॅक्टर पुढे गेला.

वाटलं, गिअर नीट लागला नसेल. पुन्हा दाबून टाकला, क्लच सोडला. आणखी पुढे. मांडवाचा एक खांब पडला. चेअरमन खुर्चीवर उभे राहिले आणि म्हणाले, "उद्धवराव, मागं घ्या."

"मागंच घेतोय की!"

खोटं बोलत होतो का मी? तिसऱ्यांदा क्लच सोडला आणि ड्रम आडवा झाला. दोनशे लिटर पाणी मातीत गेलं. बाया घागरी घेऊन बघत होत्या, त्यांच्यात सुमनही होती. त्या वेळी खरंच धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

शर्यत बघायला बाबूमिस्त्री आलाच होता. वाकून त्यानं मागचं चाक बघितलं आणि म्हणाला, "क्राऊन उलटा बसवला तुमी. आता सगळे गिअर मागं, अन् रिव्हर्स तेवढा पुढं."

मग मात्र माझा तोल गेला. भर मैदानात सुमनकडे बोट करून ओरडलो, हिला विचारा, हिनं माझ्या खुणांवर कुंकू फासलं!

सुमननं घागर खाली ठेवली.

"तुमच्या खुणेला मी हात बी लावला न्हाई. मी वरल्या अंगाला लावलं. आन् बाईमाणूस देवाला नुसतं कुंकू लावतंय का कधी? हळदीसंगट लावतंय. ज्या अंगाला हळद न्हाई ते तुमचं. तेच सांगाय आलते. कशापायी पुसलं?"

अख्खं गाव माझ्याकडे बघत होतं. टँकर सोडला, रिव्हर्स टाकला आणि सरळ घरी गेलो.

काम भानुदासला मिळालं. त्यानं गल्लीतल्या दोन ओसऱ्यांचे कोपरे पाडले, पण पाणी आणलं. माझा ट्रॅक्टर बाबूमिस्त्रीनं नीट केला. आठ दिवस लागले, हे मुद्दाम सांगितलं त्यानं.

आता दर खंडेनवमीला सुमन सगळ्या लोखंडाला हळद-कुंकू लावते. मी रॉकेलच्या फडक्याला हात लावत नाही. यंदा विळ्याला लावून झालं, पान्याला लावून झालं, मग ताट घेऊन माझ्यासमोर आली आणि माझ्या कपाळाला नुसत्या कुंकवाचं बोट लावलं.

मी म्हटलं, हळद कुठंय?

"राहू द्या," ती म्हणाली. "पुढली बाजू कोणती, तेवढं कळलं म्हंजे झालं."