फेसाला वाट

माझ्या मोठ्या वन्संइतकी जिवाणूंवर माया करणारी बाई अख्ख्या मुळशीत सापडायची नाही. पिरंगुटच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या जिवाणूंकडून साबण करून घेत. म्हणजे साबणासारखंच तेलकटपणा सोडवणारं, पण मातीत गेलं की विरून जाणारं द्रव्य. हे जिवाणूही त्यांनीच गॅरेजमागच्या, ऑइल सांडून काळ्या झालेल्या मातीतून शोधून आणले होते. त्यांना खायला तळणाचं उरलेलं तेल लागे, म्हणून वन्सं लग्नात नवरानवरीच्या आधी आचाऱ्याची कढई बघून येत. भूगावला आमच्याकडे आल्या, की उकळत्या डाळीवरचा फेस मला काढू देत नसत. "थांब गं, बघू दे जरा," म्हणत पातेल्यापाशी अशा हरवून उभ्या राहत, की डाळ खाली लागली तरी मला हाक मारवत नसे. कारखान्याजवळच्या भरे गावात त्या भाड्यानं राहायच्या. तिथल्या घरमालकिणीनं त्यांना एकदा ओढ्याकाठी तंद्रीत बसलेलं पाहिलं आणि ती घाबरली.

"ताई, बरं न्हाई का? कवाधरनं पान्याकडं बघताय!"

"पाणी नाही हो, बुडबुडे बघतेय. किती निवांत चाललेत!"

मालकीणही मग शेजारी टेकली. "व्हय की," म्हणाली, आणि दोघी ऊन उतरेपर्यंत बसून राहिल्या.

पण हाच फेस वन्संच्या कामावर उठला होता. आंबवणाच्या काचपात्रात हवा सोडली, की तो झाकणातून उसळे आणि निम्मा माल फरशीवर जाई. फेस मारायचं औषध घातलं, की जिवाणू मरगळत. शेवटी साहेब म्हणाले, "मॅडम, आता एकच खेप. नाही जमलं तर बंद करू." वन्संचं जेवणावरचं मन उडालं. मग एका दुपारी आमच्या गॅलरीत, डोंगरावरून सरकणाऱ्या ढगांकडे बघत त्या स्वतःशीच म्हणाल्या, "मी त्याला दाबतेय कशाला? यायचंय ना बाहेर, येऊ दे की."

त्या खेपेला त्यांनी झाकणाला रुंद नळी जोडून ती दुसऱ्या भांड्यात सोडली. मीही बघायला गेले होते. पांढरा फेस सावकाश नळीतून आला, भांड्यात निवला, आणि तळाशी मधाच्या रंगाचं द्रव्य साचू लागलं. साबण असा बाहेर पडत राहिला तसे जिवाणूही मोकळे झाले, आणखी करत राहिले. साहेबही खुर्ची ओढून बघत बसले.

आता ते काम दूरच्या मोठ्या कारखान्यात गेलं. निवृत्तीला आलेल्या वन्संना कुणी तिकडे बोलावलं नाही. बर्फाच्या पेटीतून जिवाणूंच्या कुप्या निघाल्या, तेव्हा त्या गाडीमागे फाटकापर्यंत चालत गेल्या. मी त्यांचा हात धरला.

"तिकडची माणसं हुशार आहेत म्हणे."

"असतील गं," रिकाम्या रस्त्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पण घाई करतील."