पाचशे मोटारींचा अनुभव

आमच्या धंद्यात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. निवडणूक लागली की ते आपणहून रिक्षात येऊन बसतात. मी नशिराबादचा. रिक्षावर भोंगा लावून उमेदवारांचा प्रचार करतो, आवाजही माझाच. उमेदवार स्वतःचा अनुभव सांगतो, मी वहीत लिहून घेतो आणि गावोगाव वाचतो. लोक म्हणतात, काय थापा मारतात रे हे! मी म्हणतो, बाबांनो, त्यालाही छाती लागते. माझी वही वाचाल तर तुम्हीही हात जोडाल.

* * *

रावेरकडचे एक नाना आले. म्हणाले, लिही, केळीचा आंतरराज्य व्यापार, वीस वर्षं.

मी पेन थांबवलं. नानांचा माल बऱ्हाणपूरच्या पुढं गेलेला मी कधी ऐकला नव्हता. आणि रावेरहून बऱ्हाणपूर म्हणजे चहा पिऊन परत यावं एवढं लांब. तसं चाचरत म्हणालो, तर नाना जराही चिडले नाहीत.

"बऱ्हाणपूर कोणत्या राज्यात आहे?"

मध्य प्रदेशात. मी मुकाट्यानं लिहिलं.

* * *

धुळ्याकडच्या एका गावात सभा होती. उमेदवार म्हणाला, शेतकऱ्यांसाठी मी चार वर्षं जेलचं तोंड बघितलं. पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला. तो जेलमधून रिटायर झालेला शिपाई. म्हणाला, हा तिथं दूध घालायला यायचा.

मला वाटलं, संपला गडी. पण त्यानं माईक आणखी जवळ घेतला. "आंदोलनवाले पंधरा दिवसांत सुटायचे. मी चार वर्षं रोज गेलो. आणि दूध कोणाचं होतं? शेतकऱ्याचं!"

टाळ्या थांबेनात. म्हातारा खाली बसता बसता शेजाऱ्याला म्हणाला, "बठ्ठं खोटं शे, पन ऐकाले गोड लागस." मग त्यानंही टाळी वाजवली.

* * *

एका मावशींनी शिक्षण चौथी सांगितलं. मी विचारलं, प्रशासनाचा काही अनुभव? त्या म्हणाल्या, चार सुना, एक चूल, बावीस वर्षं.

यात खोटं काहीच नव्हतं. समोरच्या उमेदवारानं हे भोंग्यावर ऐकलं आणि अर्ज मागं घेतला.

* * *

बोदवडला एकाच वॉर्डातले दोघं माझ्याकडून रेकॉर्डिंग करून घेऊन गेले. दोघांनीही तोच बसथांबा आणलेला. मी कोण विचारणार? दोघांच्याही नावावर सांगून टाकला.

एक दिवस दोघांच्या रिक्षा त्याच थांब्यावर समोरासमोर आल्या. इकडून मी सांगतोय यांनी आणला, तिकडूनही मीच सांगतोय त्यांनी आणला. मी टपरीमागं तोंड लपवून उभा. थांब्यावर एक आबा पिशवी घेऊन बसले होते. त्यांनी दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, थांबा दोघांनी आणला, आता एसटी कोण आणतो तेवढं सांगा.

* * *

आता मुरलीभाऊंचं सांगतो.

भाऊंची रावेरला चहाची टपरी, जळालेल्या मोटारी भरून देणाऱ्या रिवाइंडिंगच्या दुकानाला लागून. निवडणुकीला उभे राहिले तेव्हा त्यांनी लिहायला लावलं, "ट्यूबवेलच्या पाचशे मोटारी स्वतःच्या हातानं काढल्या." मी आठ दिवस ते गळा फाडून सांगितलं.

भर उन्हाळा होता. एका गावात भाऊ सोबत असताना कमलअक्का नावाच्या केळीवाल्या बाई रिक्षाला आडव्या झाल्या. त्यांची मोटार ट्यूबवेलमध्ये जळून तीन दिवस झाले होते. केळीला घड लागलेले, वर गरम वारा. मोटार काढणारे चार दिवसांनी येतो म्हणाले होते. तोवर बाग उभी वाळली असती, आणि अक्कांचं वर्ष त्या बागेवरच होतं.

"भाऊ, पाचशे काढल्या म्हनतो ना? मग माही एक काढून दे."

कार्यकर्ते एकेक करून फोन कानाला लावून बाजूला सरकले. भाऊंनी माझ्याकडं बघितलं, मी वहीकडं. मग त्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट काढून रिक्षाला अडकवला.

रिक्षा अक्कांच्या बागेत नेली. शेजारच्या शेतातून पाईप उचलायची लोखंडी घोडी आणि साखळी आणली. भाऊंनी टपरीशेजारच्या मिस्त्रीला फोन लावला. पण कामाला दोन्ही हात हवेत, म्हणून मी फोन माईकला लावून धरला. मिस्त्रीचा आवाज भोंग्यातून सगळ्या शिवारात घुमायला लागला.

"पाईप पक्का आवळ. सुटला तर मोटार तळाला जाईल, मग ट्यूबवेलच गेली समज. मुरली, याआधी तू किती काढल्या?"

अख्खं गाव बांधावर उभं होतं. मी फोन काढून घेणार होतो, पण भाऊ माईकजवळ आले.

"एक पन नाही. पुढं सांग."

अक्कांनी पदर खोचला आणि साखळी धरली. मागून बांधावरची चार माणसं उतरली.

दुपारपासून दिवस मावळेपर्यंत एकेक पाईप वर येत होता. मधेच एक पाईप वीतभर घसरला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. भाऊंच्या तळहाताची सालटी निघाली, पण त्यांनी सोडलं नाही. मोटार वर आली. माझ्याच रिक्षातून आम्ही ती रावेरला नेली, भरून आणली, परत सोडली. ठिबकच्या नळ्यांतून पाणी टपकायला लागलं. मला रडू आलं, सांगायला लाज कसली.

त्या निवडणुकीत भाऊ पडले.

परवा पुन्हा उभे राहिले. मी वही उघडून जुनं पान काढून ठेवलं होतं. भाऊंनी चष्मा लावून ते वाचलं आणि 'पाचशे'वर बोट ठेवलं.

"हे खोड. एक लिही."

मी लिहिलं. भाऊ उठले, दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"आन ती एक जरा दमानं वाच."